चित्रासमोर बसून गुणगुणायचं: स्वमग्न मुलं, त्यांचे पालक आणि कोकणातली कलासंग्रहालयं

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला घेऊन संग्रहालयात जायचं म्हटलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तिकडे ओरडला तर?" दुसरं वाक्य त्याहून खरं असतं, "लोक बघतात." कोकणात लोक नुसते बघत नाहीत, विचारतातही, आणि जाता जाता एखादा देवस्कीचा उपाय सुचवून जातात. त्यामुळे अनेक पालक मुलाला घर, शाळा आणि उपचारकेंद्र या त्रिकोणाबाहेर नेतच नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे: मुलाला संग्रहालयात नेऊन एखाद्या चित्रासमोर त्याच्याबरोबर कसं गायचं, ते यात सांगितलं आहे. त्यांच्याबरोबर काम करणारे विशेष शिक्षक आणि एखाद्या छोट्या संग्रहालयाचे उत्साही व्यवस्थापक यांनाही तो उपयोगी पडावा.

संगीतोपचार आणि चित्रदालन एकत्र का आणायचं, ते आधी सांगतो. उपचाराच्या खोलीत मूल आणि मोठं माणूस समोरासमोर बसतात. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहणं जड जातं. चित्रासमोर मात्र आई आणि मूल शेजारी बसतात आणि दोघांची नजर तिसऱ्याच वस्तूवर असते. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून बघणं हीच संवादाची पहिली पायरी, आणि नेमकी तीच या मुलांना अवघड जाते. त्यात गाणं आलं की पाळी मिळते: आधी तू, मग मी, मग थोडं थांबायचं, मग पुन्हा तू. शब्द नसले तरी चालतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक एका गोष्टीने पडतो, गाणारा आवाज आईबापाचा असण्याने. थेरपिस्टचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू येतो, आईचा रोज.

अपेक्षा आधी तपासून घ्या

संगीताने ऑटिझम 'बरा' होत नाही. तसं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून पावती न घेता उठा. अमुक राग अमुक विकारावर, असे तक्ते फोनवर फिरत असतात. स्वमग्न मुलांसाठी त्यांना काही आधार नाही.

अभ्यास काय म्हणतात? २०१७ साली नऊ देशांतल्या ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवर झालेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्या नऊ देशांत भारत नव्हता. मुलाच्या आवाजामागून जाणारा, आयत्या वेळी सुचेल तसा वाजवला जाणारा संगीतोपचार पाच महिने दिला, पण सामाजिक लक्षणांच्या मुख्य मापनात नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ साली मॉन्ट्रिअलमध्ये ६ ते १२ वर्षांच्या ५१ मुलांवर प्रयोग झाला. ८ ते १२ आठवड्यांच्या संगीतसत्रांनंतर मुलांचा संवाद आणि घरातलं एकूण जगणं सुधारल्याचं पालकांनी नोंदवलं. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये २६ अभ्यासांचा, म्हणजे ११६५ जणांचा, एकत्र आढावा घेतला. एकंदर सुधारणा, जगण्याची गुणवत्ता आणि लक्षणांची एकूण तीव्रता यांत संगीतोपचाराचा फायदा दिसला. बोलणं, हावभाव आणि सामाजिक देवाणघेवाण यांत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही.

हे अभ्यास उपचारकेंद्रांत, शाळांत, घरांत झाले, चित्रदालनात नव्हे. म्हणून मी पालकांना एवढंच सांगतो: बोलायला लागेल म्हणून येऊ नका. तासभर आपल्या मुलाबरोबर घराबाहेर, कुणाची माफी न मागता, काहीतरी सुंदर बघता येतं का, त्यासाठी या. तेवढं साधलं तरी पुष्कळ. त्याच मॉन्ट्रिअलमध्ये २०१८ पासून डॉक्टर रुग्णांना तिथल्या ललितकला संग्रहालयाची मोफत भेट चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. त्यामागचा विचारही असाच काहीसा साधा होता.

सुरुवातीआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून करून घ्या. एक, श्रवणचाचणी झालेली असावी. दोन, मुलाला फिट येत असतील तर कोणत्या आवाजाने किंवा लुकलुकत्या दिव्याने त्रास होतो ते विचारून ठेवा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून ओळखलं जाणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे विचारता येतं. आणखी एक: भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक आणि वाचोपचारतज्ज्ञ यांची नोंदणी करते, पण संगीतोपचारक अशी वेगळी नोंद तिथे नाही. त्यामुळे तशी पाटी दिसली की प्रशिक्षण कुठे झालं, आधी कोणत्या मुलांबरोबर काम केलं, पालकाला सत्रात बसू देतात का, हे तीन प्रश्न विचाराच. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढे जाऊ नका. संगीतोपचारक मिळालाच नाही तर विशेष शिक्षक आणि सुरात गुणगुणणारी एखादी मावशी एवढ्यावरही सुरुवात होते. फक्त त्याला 'उपचार' म्हणू नका.

जागा कुठली?

मोठं आणि प्रसिद्ध संग्रहालय चांगलंच असेल असं नाही. दालन लहान असावं, बाहेर पडायला दरवाजा जवळ असावा, बसायला जमीन असावी आणि कर्मचारी ओळखीचे होतील इतके कमी असावेत.

रत्नागिरीकरांना पहिला सुचतो तो थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेली ही वास्तू १९१० मध्ये पूर्ण झाली. राजा थिबा १९१६ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला आणि आता तिथे शासनाचं संग्रहालय आहे. आवार मोठं आहे, ही सगळ्यात जमेची बाजू. मूल आधी बाहेर पळून, फिरून, जागेची ओळख करून घेऊ शकतं. उंच छताच्या अशा जुन्या वास्तूंत आवाज मात्र घुमतो. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं वस्तुसंग्रहालय आहे. हे वाचनालय १८६४ पासूनचं आहे. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. तिथे महाराष्ट्रातल्या चित्रकारांची अस्सल चित्रं बघायला मिळतात आणि गाव लहान असल्याने गर्दीही बेताची असते. रेल्वेने येणार असाल तर संगमेश्वर रोडला उतरून पुढे रस्त्याने यावं लागतं.

सावंतवाडीच्या राजवाड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक पत्ते, आहेत. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि उरलेली एक ते दहा चिन्हांची. ज्या मुलाला गोल वस्तू, रांगा, मोजणी, एकसारखेपणा आवडतो (आणि अशी स्वमग्न मुलं बरीच असतात) त्याच्यासाठी हे बघणं पर्वणी असतं. शिवाय त्यात ताल आयताच आहे. मत्स्याच्या पानावर चार मासे असतील तर मांडीवर चार थापा. पाच मासे, पाच थापा. मग थापा आधी वाजवायच्या आणि पान त्याने शोधायचं. मुलाने चुकून सहा वाजवल्या तर सुधारू नका, सहाचं पान दाखवा. हा खेळ मी कागदावर छापलेल्या फोटोंवरही केला आहे. पण रंगवणारा कलाकार समोर बसलेला असतो तेव्हा मुलं ब्रशच्या टोकाकडे ज्या एकाग्रतेने बघतात, ती फोटोत येत नाही.

वेळ कुठली? दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि शाळांच्या सहलींचे डिसेंबर-जानेवारीतले दिवस टाळा. सहलीच्या दोन बस आल्या की अख्खं दालन किलबिलाटाने भरून जातं. गणपती आणि शिमगा यांत ढोल-ताशांनी मुलं आधीच थकलेली असतात. मला विचाराल तर पितृपंधरवडा उत्तम. लग्नं नाहीत, समारंभ नाहीत, लाउडस्पीकर नाहीत, पर्यटक कमी आणि पाऊसही ओसरत आलेला. आठवड्यातला मधला वार घ्या आणि दार उघडताच आत जा. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा मंगळवारी साफसफाईचा आणि फिनेलचा वास जास्त असू शकतो. बुधवार बरा.

परवानगी, आणि पहारेकरी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. त्याच कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे, आणि कला दिव्यांगांना उपलब्ध करून देण्याची गोष्ट त्यात येते. पत्रात याचा उल्लेख करा, पण एकाच ओळीत. हक्क सांगायला आलेल्या माणसापेक्षा मदत मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे चहा लवकर मिळतो, हे खरं आहे, पटो न पटो.

पत्र साधारण असं असावं:

"महोदय, आम्ही तीन कुटुंबं आमच्या स्वमग्न मुलांसह दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी दार उघडताच चाळीस मिनिटं आपल्या चित्रदालनात येऊ इच्छितो. प्रत्येक मुलासोबत एक पालक आणि सर्वांसोबत एक विशेष शिक्षक असेल. आम्ही जमिनीवर चटई टाकून बसू आणि बोलण्याच्या आवाजाहून मोठं काहीही गाणार-वाजवणार नाही. प्रदर्शित वस्तूंना हात लावला जाणार नाही. फोटो फक्त आमच्या मुलांचे आणि आपल्या परवानगीने काढू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ च्या भावनेला धरून आपण सहकार्य कराल अशी आशा आहे."

शासकीय संग्रहालय असेल तर पत्र पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयाला, संस्थेचं असेल तर कार्यवाहांना. पोच घ्यायला विसरू नका.

साहेबांची सही मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. दालनात तुमच्याबरोबर असणार आहे तो पहारेकरी. त्याच्याशी वेगळं बोला. मूल हात फडफडवेल, एकाच जागी गोल फिरेल, कदाचित ओरडेल, पण कुणाला मारायला धावून येणार नाही. त्याला हाक मारू नका, गाल ओढू नका, नाव विचारू नका, शिट्टी वाजवू नका. काचेजवळ गेलं तर आम्हाला खूण करा, आम्ही उठवू. एवढं समजावून सांगितलं की बहुतेक पहारेकरी फार चांगले वागतात. पुढच्या वेळी तेच इतरांना "जरा हळू" म्हणून सांगतात.

मुलाशिवायची फेरी

जायच्या आठवडाभर आधी, त्याच वारी, त्याच वेळी एकटे जाऊन या. दालनाच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज रेंगाळत असेल तर बसायला ती जागा नको. कोपरा, पडद्याजवळची जागा किंवा लाकडी फळ्यांजवळची जागा बघा. जाड चटई टाकली तरी फरक पडतो. मग डोळे मिटून एक मिनिट ऐका. ट्यूबलाइटची गुणगुण, पंख्याचा खडखडाट, बाहेरचा जनरेटर, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न. आपल्या कानांनी सोडून दिलेले हे आवाज मुलाच्या कानात टोचतात. कोणती ट्यूब बंद ठेवता येईल ते तिथेच विचारा. वास घ्या: फिनेल, डांबरगोळ्या, ओलाव्याचा कुबट वास. फरशी गुळगुळीत आहे का, अनवाणी चालायचं आहे का? शौचालय उघडं आहे ना, पाणी आहे ना? आणि मूल बिथरलं तर त्याला दोन मिनिटांत कुठे न्यायचं, ती जागा नक्की करा. झाडाखालची पायरीही चालेल.

चित्र एकच निवडा. मोठं, फार काचेआड नसलेलं, ज्यात एखादी ओळखीची गोष्ट असेल: होडी, गाय, दिवा, छत्री. शांत रंगाचं असेल तर उत्तम, पण मूल लाल रंगामागे वेडं असेल तर लालच घ्या. फोनवर प्रवेशद्वाराचा, तिकीट खिडकीचा, पहारेकऱ्याचा (विचारून), जिन्याचा, चित्राचा आणि बाहेर पडायच्या दाराचा फोटो काढा.

घरची तयारी

त्या फोटोंची एक छोटी चित्रगोष्ट करा. प्रत्येक पानावर एक फोटो, एक वाक्य. "आपण एसटीने जाणार." "हे काका दारात असतात." "आत फरशी थंड असते." "आपण या चित्रासमोर बसणार." "आवाज मोठा वाटला तर मी कान झाकू शकतो." "गाणं संपलं की आपण बाहेर येणार." घरात मालवणी किंवा संगमेश्वरी बोलत असाल तर वाक्यं त्याच बोलीत लिहा. मुलाला शाळेची भाषा वेगळी आणि जिव्हाळ्याची वेगळी असते. ही गोष्ट आठवडाभर रोज एकदा, झोपण्याआधी वाचा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियमही स्वमग्न पाहुण्यांसाठी अशा गोष्टी आणि कुठे गर्दी नि गोंगाट कमी आहे ते दाखवणारे नकाशे देतं. आपल्याला ते साध्या वहीतही करता येतं.

दुसरी तयारी आवाजांची यादी. एका बाजूला मुलाला आवडणारे आवाज, दुसऱ्या बाजूला न सोसणारे. कोकणातल्या घरांत दुसऱ्या यादीत आरतीच्या झांजा, मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, शिमग्याचा ढोल आणि पत्र्यावरचा पाऊस हे हमखास येतात. पहिली यादी जास्त मोलाची असते: पाण्याच्या पंपाची घरघर, रहाटाची करकर, आजीची ओवी, लाटेचा आवाज. त्यातूनच गाणं सापडतं.

गाणी दोनच हवीत, एक आल्यावर आणि एक निघताना. दोन्ही प्रत्येक वेळी तीच. चाल तीन-चार सुरांत बसणारी ठेवा. सा रे ग रे सा पुरेसं आहे, सूर थोडा हलला तरी बिघडत नाही. आम्ही रचलेली ही एक, हवी तर घ्या:

"इलो रे इलो, बाबू इलो,
चित्र बघूक बाबू इलो."

मुलगी असेल तर "इली गो इली". बाबूच्या जागी घरातलं हाक मारायचं नाव घाला. निघताना 'जातो' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून:

"येतलो रे येतलो, बाबू येतलो,
चित्र बघूक परत येतलो."

ही गाणी संग्रहालयात जाण्याआधी घरी महिनाभर म्हणा, एखादं चित्र भिंतीला लावून. दालनात गेल्यावर नवी फक्त जागा असावी, बाकी सगळं जुनं.

वाद्यं

कमीत कमी न्या. लाकडाचा लहान खुळखुळा किंवा सावंतवाडीचं एखादं आवाज करणारं लाकडी खेळणं, आणि एकतारी किंवा तुणतुणं. फोनमधला तानपुरा चालतो, पण अगदी हळू आणि उशीखाली ठेवल्यासारखा. मृदंग असेल तर पंज्याने नाही, बोटांनी. टाळ, झांजा, शिट्टी, ताशा घरीच ठेवा. त्यांचा धारदार, चढा आवाज अनेक मुलांना सहन होत नाही. पेटीचा मोह होतो, पण ती वाजवणाऱ्याला भात्याला बांधून ठेवते. त्यात दमट हवेत तिच्या पट्ट्या अडकतात ते वेगळंच. गाणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत.

एकाच प्रकारची दोन वाद्यं घ्या, एक मुलाकडे, एक पालकाकडे. आवाज किती, हे फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर पाहता येतं. नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं, त्याच्या वर जायचं नाही. कान झाकणारे हेडफोन पिशवीत असू द्या. मुलाने मागितले तर द्या, पण आधीच चढवून नेऊ नका.

त्या दिवशी

आवारात दहा मिनिटं लवकर पोचा. एसटीतून उतरल्या उतरल्या आत शिरू नका. हायवेचे धक्के आणि हॉर्न अंगातून उतरायला वेळ लागतो. पाणी प्या, शौचालय दाखवा, दारातल्या काकांचा फोटो आणि खरे काका एकत्र दाखवा.

दारातच पहिलं गाणं, अगदी हळू. मग चालत आत. चालण्याचा वेग मुलाचा, आणि त्याच्या पावलांवर पालकाने ठेका धरायचा: टप, टप, टप. ते थांबलं की ठेका थांबला. धावलं की ठेकाही धावला. काही मुलांच्या लक्षात दोन-तीन मिनिटांत येतं की आपण थांबलो की आवाज थांबतो. मग ती मुद्दाम थांबून बघतात. त्या क्षणी संवाद सुरू झालेला असतो, एक शब्द न बोलता. घाईत "अरे वा! शाबास!" म्हणून तो मोडू नका.

चित्रासमोर चटईवर बसा. मूल आईच्या शेजारी, समोर नाही. शिक्षक जरा मागे. आता पाचेक मिनिटं कोणीच काही करायचं नाही. ही सगळ्यात कठीण पायरी आहे, कारण आपल्याला गप्प बसवत नाही. मूल आवाज काढेल: एखादा "ऊऽऽ", जिभेची टकटक, खुळखुळ्याचा एक झटका. तोच आवाज त्याच्याच उंचीवर, त्याच्याच लांबीचा परत द्या. मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. दहा म्हणजे दहा. बऱ्याच मुलांना ऐकलेलं समजून उत्तर द्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण पाचव्या आकड्याला पुढचं बोलून त्याची पाळी खाऊन टाकतो. दुसरा आवाज आला तर तोही परत द्या, या वेळी शेवटी अगदी छोटा बदल करून. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्लंडचे विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून एकत्र येऊन जी पद्धत घडवली, तिचा गाभाही हाच: मुलाच्या आवाजातलं संगीत ऐकायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं.

यानंतर चित्र. प्रश्न विचारू नका. "हे काय आहे? सांग, काय आहे?" ही परीक्षा झाली. त्याऐवजी बोट दाखवून गा: "होडी... होडी... पाणी... पाणी..." एक शब्द, दोन सूर. मुलाची नजर चित्रातल्या एखाद्या कोपऱ्यावर, अगदी चौकटीवरच्या खिळ्यावर स्थिरावली असेल तर खिळ्याचं गाणं म्हणा. त्याचं लक्ष जिथे, तिथे आपण. बघता बघता मूल चित्राकडे बघून एकदा तुमच्याकडे बघेल आणि पुन्हा चित्राकडे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

चाळीस मिनिटं ही वरची मर्यादा समजा. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं खूप झाली. मूल रमलेलं असतानाच निघायचं गाणं म्हणा, रडू यायची वाट बघू नका. बाहेर पडून आवारात बसा, खाऊ खा, आणि मगच घर.

पालकांबद्दल थोडं. आई बहुतेक वेळा आजूबाजूच्या लोकांच्या चेहऱ्यांवर लक्ष ठेवून असते. तिला पहिल्या दोन-तीन भेटींत गाता येत नाही, गळा बसतो. चालतं. तिने नुसतं मुलाच्या पाठीवर हाताने ताल धरावा. घरात आजी ओव्या म्हणणारी असेल तर आजीला आणा. आजीला लाज कमी आणि सूर जास्त असतो. बाबा मुंबईला असतील आणि गणपती-शिमग्यालाच येत असतील, तर ढोल-ताशांच्या त्याच गडबडीत त्यांना मुलाबरोबर आणू नका. सण उलटून दोन दिवस झाले, परतीचं तिकीट अजून हातात आहे, अशा एखाद्या सकाळी फक्त बाप आणि मूल, एवढंच सत्र ठेवा. मुंबईला परतल्यावर व्हिडिओ कॉलवर "इलो रे इलो" म्हणायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

पिंगुळी: जिथे चित्र गातंच

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याचा आश्रय लाभलेली ही कला. रामायण-महाभारतातली कथा चित्रांच्या पोथीत असते. कलाकार एकेक चित्र समोर धरतो आणि हुडुक (डमरूसारखं लहान वाद्य), वीणा, टाळ यांच्या साथीने कथा गातो. २०२१ साली पद्मश्री जाहीर झालेले परशुराम गंगावणे आणि त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात.

चित्र आणि गाणं एकत्र आणायला आपण इतका वेळ जी खटपट करत होतो, ती इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून सिंधुदुर्गातल्या पालकांना मी आधी पिंगुळीच सुचवतो. पण नेहमीचा प्रयोग स्वमग्न मुलांना जसाच्या तसा झेपत नाही. आधी फोन करून कलाकारांशी बोला. विनंती अशी करा: एकच चित्र किंवा फार तर तीन, टाळ बाजूला, हुडुक हळू, आणि तेच चित्र तीनदा गायचं. तेच तेच परत करणं कलाकाराला कंटाळवाणं वाटेल, पण मुलाला त्यातच सुरक्षित वाटतं. चित्रातले डोळे मोठे असतात आणि राक्षस उग्र असतात. बाहुल्या अचानक हलतात. तेव्हा बाहुल्या पहिल्या भेटीत दाखवू नका, त्यांचे फोटो आधी घरी दाखवा. मूल वाद्याला हात लावू इच्छित असेल तर कलाकाराची परवानगी घ्या. आणि मानधन द्या, नेहमीच्या प्रयोगाइतकंच. आपल्यासाठी त्यांनी कार्यक्रम छोटा केला म्हणजे काम कमी झालं असं नाही, उलट वाढलं.

बिनसलं तर

मूल जमिनीवर आडवं होऊन किंचाळायला लागलं, स्वतःला मारायला लागलं, तर तो हट्ट नाही. त्याच्या डोक्यात आवाज, उजेड, वास यांची गर्दी झाली आहे. अशा वेळी गाणं बंद. 'शांत करणारं' गाणंसुद्धा बंद, कारण तोही एक आवाजच. वाद्यं पिशवीत, बोलणं दोन शब्दांत: "बाहेर जाऊ." आधी ठरवलेल्या जागी न्या. तिथे कुणी समजावू नये, फोन दाखवू नये. अंगावर दाब आवडत असेल तर मिठी, नसेल तर फक्त शेजारी बसणं. बाकीची दोन कुटुंबं आत आपापलं चालू ठेवतील, सगळ्यांनी मागे धावू नये. मूल सावरल्यावर परत आत जायचा आग्रह धरू नका. दारातूनच निघायचं गाणं म्हणून घरी जा.

वहीत काय लिहायचं

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळी. किती मिनिटं थांबलो. मुलाने किती वेळा आवाज परत दिला. चित्र आणि माणूस यांच्यात नजर किती वेळा फिरली. निघायचं कुणी ठरवलं, आपण की त्याने. शिवाय एक ओळ पालकाच्या स्वतःबद्दल: आज मी किती वेळ लोकांकडे बघत होतो आणि किती वेळ मुलाकडे. सहा भेटींनंतर ही वही विशेष शिक्षकाबरोबर बसून वाचा. काहीच हलत नसेल आणि मूल जायच्या दिवशी घरीच अस्वस्थ होत असेल तर थांबा. हे त्याला आवडत नसेल, आणि न आवडण्याचा त्याला हक्क आहे.

जूनच्या मध्यापासून रस्ते, दरडी, वीज यांचा भरवसा नसतो, तेव्हा भेटी बंद ठेवा. दालनातल्या त्याच चित्राचा फोटो मोठा छापून भिंतीला लावा आणि दुसऱ्या बुधवारी सकाळी, ठरल्या वेळी, त्याच्यासमोर चटई टाकून दोन्ही गाणी म्हणा. छपरावर पत्रे असतील तर सरींच्या मधली उघडीप बघा. सप्टेंबरमध्ये संग्रहालयाला फोन करून ते चित्र अजून त्याच जागी आहे का, ते विचारा. हलवलं असेल तर नव्या जागेचा फोटो मागवून चित्रगोष्टीचं ते पान बदला, आणि मगच तारीख ठरवा.